अनुमोदक म्हणून माझं नाव

मी आठवी पास. पुढचं जे काही शिकले ते पोरांची नाकं पुसता पुसता. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची खोली होती, तिथे मी बालवाडी चालवायचे. गणपतीचे दिवस जवळ आले की मंडळाला ती खोली सामानासाठी लागायची, मग आमची बालवाडी जिन्याखाली भरायची. कोणी तक्रार केली नाही. पोरांना तर जिनाच जास्त आवडायचा. आता चाळ नाही, जिना नाही, त्या जागी टॉवर आहे आणि त्यात वर कुठेतरी माझं घर आहे. बालवाडी बंद करूनही बरीच वर्षं झाली. पण अजून रस्त्यात मिशीवाले बाप्ये थांबतात, 'बाई, ओळखलंत का' विचारतात, आणि मी ओळखलं म्हणते. काय करणार, नाही म्हटलं तर तोंड उतरतं त्यांचं.

तर अशी मी, दादरच्या एका कॉलेजच्या अभ्यास मंडळावर कशी जाऊन बसले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ते कॉलेज स्वायत्त झालं. म्हणजे काय, तर अभ्यासक्रम विद्यापीठाने पाठवायचा आणि यांनी शिकवायचा, तसं आता नाही. यांचा अभ्यासक्रम यांनीच करायचा. त्यासाठी प्रत्येक विषयाचं एक मंडळ. त्यात विभागातले शिक्षक, बाहेरचे जाणकार, विद्यापीठाने नेमलेलं एक माणूस, आणि एक उद्योग प्रतिनिधी. हा शेवटचा माणूस नसला तर मंडळ पुरं होत नाही, असा नियम. आता औषधांचा उद्योग असतो, कापडाचा असतो. या विभागात बालविकास शिकवतात. त्याला उद्योगपती कुठून आणायचा? विभागप्रमुख मॅडमना मी आठवले. त्यांच्या विद्यार्थिनी पूर्वी सरावाला माझ्याकडे यायच्या, ती ओळख. एक दिवस मॅडम घरी आल्या, पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्या उद्योग प्रतिनिधी व्हा."

"अहो, माझा कसला आलाय उद्योग?"

माझा मुलगा आतून म्हणाला, "मॅडम, घेऊन जा. आईचे उद्योग आम्हाला पुरून उरलेत."

गेले. पहिल्या सभेला मी इस्त्रीचं पातळ नेसून गेले होते, मनात काय काय ठरवून. म्हटलं, आता हे सगळे शिकलेले लोक मुलांविषयी बोलतील, आपणही दोन शब्द बोलू. मुलांविषयी कोणी बोललं नाही. सगळा वेळ क्रेडिटविषयी बोलले. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन म्हणा. जड विषयाला चार, हलक्याला दोन. सगळ्या विषयांची मिळून बेरीज वरून ठरून येते, ती कोणाच्या बापाला हलवता येत नाही. ताट केवढं ते ठरलेलं. नवीन पदार्थ वाढायचा तर आधीचा कुठला तरी उचलायचा. आणि प्रत्येक पदार्थापाशी कोणीतरी शिक्षक बसलेला, कारण त्याच्या विषयाचं क्रेडिट गेलं की त्याचे तास जातात, आणि तास गेले की माणसाचं पुढे काय होतं ते शिक्षकालाच विचारा. म्हणून तिथे 'हा विषय मुलींना हवा का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी, वडे थंड झाल्यावर निघतो.

सभेच्या रीती मला हळूहळू कळल्या. पहिली रीत, सभेत काही ठरत नाही. आधी मॅडम एकेकाला फोन करतात, तिथेच ठरतं. सभा म्हणजे ठरलेलं मोठ्याने वाचायचं. दुसरी, कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असेल तर 'यावर अजून विचार व्हावा' म्हणायचं. भांडण झालंच तर इतिवृत्तात 'सखोल चर्चा झाली' असं लिहितात. तिसरी, प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. म्हणजे एकाने मांडायचं, दुसऱ्याने 'माझा पाठिंबा' म्हणायचं. अनुमोदक नसेल तर ठराव जागेवर पडतो. पण ते कधी होत नाही, कारण अनुमोदनाचा मान वयाने मोठ्या माणसाचा, आणि वयाने मोठी मी. गेली कित्येक वर्षं त्या कॉलेजातल्या बालविकासाच्या प्रत्येक ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मला अर्धं कळायचं, अर्धं नाही. मान डोलावली की झालं.

माझ्या शेजारी नेहमी गिरगावचे सर बसायचे. निवृत्त प्राध्यापक, बाहेरचे जाणकार म्हणून आलेले. आयुष्यभर असल्या समित्यांवर बसून बसून त्यांची पाठ खुर्चीच्या आकाराची झालीये असं ते स्वतःच म्हणायचे. मला म्हणायचे, "बाई, समितीत दोनच गोष्टी खऱ्या. चहा आणि सही."

"आणि वडा, सर?"

"वडा वैकल्पिक."

अशी आमची करमणूक. पण खरं सांगते, सभा संपवून घरी आले की अंगातलं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. पंचवीस पोरं सांभाळून मी कधी एवढी दमले नव्हते.

मग जाता कशाला, असं सून विचारायची. एका गोष्टीसाठी जायचे. त्या अभ्यासक्रमात एक विषय माझा होता. माझा म्हणजे, कागदावर माझं नाव कुठे नव्हतं. बालवाडी चालवायचे तेव्हा मला एक सवय होती, प्रत्येक पोराच्या घरी जायची. शिकवायला नाही, तक्रार घेऊन नाही, नुसती. बसायचं, पाणी प्यायचं, घर बघायचं. एक मुलगी होती, मातीच्या खेळाला हात लावायची नाही. रंगाला नाही, कणकेच्या गोळ्याला नाही. सरावाला आलेल्या विद्यार्थिनींनी तिच्या नावापुढे लिहिलं होतं की हाताची कौशल्यं कमी. मी घरी गेले तर आई दारातच खाली बसून खोट्या मोत्यांच्या माळा ओवत होती. घरभर ताटं, ताटांत मणी. पोरीने पाऊल उचललं की आई, "हात नको लावू." झोपायला वळली की, "हात नको लावू." त्या पोरीला हात न लावण्यात शंभरपैकी शंभर मार्क होते. कौशल्य कमी कसलं. मॅडमना हे सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्या सवयीचा विषय केला. नाव घरभेट. दोन क्रेडिट. प्रत्येक विद्यार्थिनीने एक मूल घ्यायचं, सत्रभर त्याच्या घरी जात राहायचं.

आणि तो विषय शिकवायची आमची पोर. आमची म्हणजे माझ्याच बालवाडीतली. काळाचौकीला राहायची, लहानपणी बोटं चोखायची, आता चाळिशीला आलेली बाई, पण माझ्या तोंडात पोरच बसलंय. बालविकासात एम.ए. झाली. त्याच कॉलेजात तासिकेवर लागली. तासिकेवर म्हणजे कायम नाही, शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. आपल्याच माणसांपुढे आपणच दर वर्षी नवे. घरभेट शिकवायची तर तिनेच. मुलींना तिचे नियम पाठ होते. पहिल्या तीन भेटींत वही उघडायची नाही. घरात किती माणसं ते विचारायचं नाही, आपोआप दिसतात. खाऊ न्यायचा नाही, नाहीतर मूल तुमची नाही, पुडीची वाट बघतं. मी कधी असं शब्दांत सांगितलं नव्हतं. माझ्या सवयीला तिने अक्कल दिली.

ती शिकवायची, पण मंडळावर ती नव्हती. तासिकेवरचा माणूस मंडळाचा सदस्य होऊ शकत नाही. सभेला ती असायची, कागद वाटायला, पडद्यावरच्या मॅडमचा आवाज लावून द्यायला (विद्यापीठाच्या मॅडम घरूनच सभेला बसतात) आणि लॅपटॉपवर इतिवृत्त टाइप करायला. त्या खोलीत प्रत्येक विषयाला एक आई होती. घरभेटीची आई कोपऱ्यात बसून बाकीच्यांचं लिहून घेत होती.

या वर्षीच्या सभेआधी मॅडमचा फोन आला नाही. तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं होतं.

झालं होतं असं. नव्या धोरणातून वरून पत्र आलं की प्रत्येक सत्रात समाजसहभाग नावाची दोन क्रेडिट सक्तीची. मुलींनी कॉलेजबाहेर जाऊन समाजात काहीतरी करायचं. बेरीज तीच. म्हणजे आधीची दोन उचलायची. मॅडमनी कागद वाचायला घेतला. एक क्रेडिट अशा विषयातून काढलं होतं ज्याच्या बाई निवृत्त झाल्या होत्या आणि जागा भरली नव्हती. दुसरं घरभेटीतून. घरभेट दोनाची एक. आणि एका क्रेडिटच्या तासांत मुलींचं बाहेर जाणं-येणं बसत नाही, म्हणून घरभेट आता कॉलेजातच. मुलांचे व्हिडिओ दाखवायचे, निरीक्षण लिहून घ्यायचं.

मी म्हटलं, "मॅडम, घरी न जाता घरभेट?"

विभागातल्या दोघी कायम शिक्षिका कागदात बघायला लागल्या. त्यांचे विषय शाबूत होते.

मॅडम म्हणाल्या, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण आता परिस्थिती बघा ना. मुलींना बिल्डिंगमध्ये कोण सोडतं? गेटवर अ‍ॅप, वॉचमन, वर फोन. मागच्या सत्रात आपल्या सहा मुली परळला गेटवरून परत आल्या. त्यांच्या घरचेही विचारतात, परक्याच्या घरी कशाला पाठवता."

"दारं बंद झाली म्हणूनच तर जायला हवं. उघडी होती तेव्हा कोणीही डोकावत होतं."

"यावर अजून विचार व्हावा," पडद्यावरून आवाज आला. मग आवाज गेला, ओठ हलत राहिले. आमची पोर उठली, काहीतरी दाबलं, आवाज परत आला तेव्हा त्या म्हणत होत्या, "...म्हणून मला वाटतं." काय वाटतं ते कोणी विचारलं नाही.

मग गिरगावचे सर खोकले. सर खोकले की काहीतरी तोड निघणार हे सगळ्यांना माहीत. म्हणाले, "मॅडम, कुऱ्हाड खाली ठेवा. समाजसहभाग म्हणजे काय? मुलींनी समाजात जायचं. घरभेट म्हणजे काय? मुली समाजातच जातायत. नुसती पाटी बदला. विभागातनं घरभेट काढा, आणि समाजसहभागाच्या रकान्यात घरभेट घाला. दोन गेली, दोन आली. घरं तीच, पोरं तीच. वरचे खूश, बाई खूश."

मी सरांकडे अशी बघत राहिले. इतकं सोपं. जुन्या मालाला नवा शिक्का, आणि माल वाचला. एवढी वर्षं वडे खाऊन या माणसाने काहीतरी कमावलं होतं. विभागातल्या दोघीही एकदम बोलायला लागल्या, छान आहे, छान आहे. कोणाचं काही जात नव्हतं ना.

मॅडमनी चष्मा काढला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, हे माझ्याही डोक्यात आलं होतं. पण समाजसहभागाचे तास विभागाच्या हातात नाहीत. प्राचार्यांनी लेखी दिलंय, ते तास आधी ज्या कायम शिक्षकांचा कार्यभार कमी पडतोय त्यांना. कॉमर्समधले एक सर आहेत, त्यांच्या विषयाला मुलीच येत नाहीत. त्यांचे तास भरले नाहीत तर त्यांची जागा जाईल. तासिकेवरचा माणूस त्यात घेता येणार नाही."

"मग दोन्हीकडे ठेवा," मी म्हटलं. "एक क्रेडिट इथे, दोन तिकडे."

"एकच विषय दोनदा शिकवता येत नाही, बाई. नियम आहे."

कोणी तोंडाने म्हणालं नाही, पण सगळ्यांना कळलं. मलाही उशिरा का होईना कळलं. मॅडमनी घरभेटीची एका क्रेडिटची व्हिडिओची पातळ पेज करून ठेवली होती ती घरभेटीसाठी नव्हतीच. ती पोरीसाठी होती. निदान अर्धे तास तरी तिच्या हाताला राहावेत म्हणून. मी मघापासून ज्या मॅडमवर चिडले होते, त्या गुपचूप तिची चूल पेटती ठेवत होत्या. आणि सरांच्या युक्तीने घरभेट अख्खी वाचत होती, पण पोर बाहेर.

सर हळू आवाजात म्हणाले, "मी सूचक व्हायला तयार आहे. पण मॅडम, तुमचा मसुदाही टेबलावर आहे. जे म्हणाल ते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. विभागातल्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. अनुमोदक मी. दोन्हीपैकी ज्याला मी हो म्हणेन ते होणार होतं, आणि सगळ्यांना तेच हवं होतं, की मी म्हणावं आणि त्यांनी म्हणू नये. वयाचा मान म्हणतात तो हा.

मी कोपऱ्याकडे वळून विचारलं, "तू काय म्हणतेस गो?"

मॅडम घाईने म्हणाल्या, "बाई, ती सदस्य नाही. तिला विचारता येणार नाही."

पोरीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. म्हणाली, "बाई, अनुमोदक म्हणून कोणत्या ठरावापुढे नाव घालू तेवढं सांगा."

मी म्हटलं, मला पाणी हवंय. आणि उठले. कुलर बाहेर व्हरांड्यात असतो. ती माझ्या मागून पेला घेऊन आली, ती येणार हे मला माहीत होतं. नळाखाली पेला धरून उभी राहिली.

"बोल आता. इथे सभा नाही."

"काय बोलू?"

"तुला काय हवं ते."

"मला तास हवेत, बाई. साधी गोष्ट आहे." पेला भरून वाहायला लागला तरी तिने नळ बंद केला नाही. "आणि व्हिडिओतलं मूल मला शिकवायचं नाही. तेही साधंच आहे. दोन्ही एकदम होत नाही ते तुम्ही आत ऐकलंतच."

"मग मी करू काय?"

"मला विचारू नका. घरभेट ठेवा म्हटलं तर मी फार मोठी झाले. तास ठेवा म्हटलं तर मी लहान झाले. मला यातलं काहीच व्हायचं नाही. तुम्ही समितीवर आहात, तुम्ही ठरवा. तेवढ्यासाठीच बसवतात ना तुम्हाला?"

लागलं मला. लागावं म्हणूनच ती बोलली होती. तिने पेला माझ्या हातात दिला, पदराने, म्हणजे ओढणीने हात पुसला आणि आत गेली.

मी तिथे उभी राहून सगळं पाणी प्याले. खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या विषयात होता. त्यामुळे माझा कौल सरळ असेल याची मला खात्री नव्हती. मी उलटसुलट करून बघितलं. व्हिडिओवर ठेवलं तर अर्धे तास तिला या वर्षी मिळतील. पुढच्या वर्षी वरून आणखी एखादं पत्र येईल, आणि एका क्रेडिटचा विषय उचलायला काय लागतं, दोन बोटं पुरतात. तेव्हा विषयही जाईल आणि तीही जाईल. हा हिशेब बरोबर होता. पण बरोबर असलेला हिशेब माझ्या बाजूचाच निघाला, याचं मला बरं वाटत नव्हतं. आत मॅडमच्या बाजूचाही एक हिशेब होता. आज भाकरी आहे तर आज द्यावी, उद्याचं उद्या. तोही काही चूक नाही. मी आयुष्यभर तसंच केलंय.

आत जाऊन बसले. म्हटलं, "सरांचा ठराव. माझं अनुमोदन."

कळफलकाचा आवाज झाला. तिने माझं नाव टाइप केलं. मग मॅडमनी विचारलं, कोणाचा विरोध? नव्हता. सर वडा न खाता बसले होते. इतिवृत्तात लिहिलं गेलं, सखोल चर्चा झाली.

खाली उतरताना मॅडम माझ्या बरोबर चालत होत्या. म्हणाल्या, "मी तिला आहाराच्या प्रात्यक्षिकात दोन तास बघते, बाई."

"दोन तासांत काय होतं, मॅडम?"

"काही नाही होत," त्या म्हणाल्या. "पण बघते." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पुढच्या दोन वर्षांत त्याही निवृत्त. मला वाटलं, या बाईने अशी किती माणसं किती रकान्यांत बसवली असतील, आणि किती बसली नसतील.

पोर माझ्याशी बोलायची बंद झाली. एरवी दर रविवारी तिचा फोन असायचा, काळाचौकीच्या बाजारात आली की वर येऊन मासे दाखवून जायची, बघा किती ताजे मिळालेत ते. जून गेला, ती आली नाही. जुलै गेला. तिच्या आईकडून कळलं की परळला एका मोठ्या टॉवरमध्ये खाली नर्सरी निघालीये, तिथे लागली. वातानुकूलित. पोरांचे फोटो काढून दर तासाला आईबापांच्या मोबाइलवर पाठवायचे असतात, ते काम तिच्याकडे. आई खूश होती. "सुट्टीतसुद्धा पगार देतात हो," म्हणाली. मी बरं झालं म्हटलं, आणि ते बरंच झालं होतं. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत नुसती बसून होते. सुनेने विचारलं, आई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, दमले. कशाने, म्हणाली.

दिवाळीनंतर नवं सत्र सुरू झालं तेव्हा कॉमर्सच्या सरांचा मला फोन आला. मॅडमनी नंबर दिला होता. आमच्या टॉवरमध्ये मुलींना घरभेटीला आणायचं होतं, मी गेटवर सांगून ठेवीन का? मनात आलं, नाही म्हणावं. त्या सरांना मी बघितलं नव्हतं, पण त्यांच्यावर भरपूर राग साठवून ठेवला होता. गेटवर सांगून ठेवलं.

पाच मुली आल्या आणि मागून सर. पन्नाशीचे, बारीक, खांद्याला पिशवी. मुलींना मी वेगवेगळ्या मजल्यांवर पाठवलं, ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांच्याशी मी आधी बोलून ठेवलं होतं. सर माझ्याकडे थांबले. खुर्ची होती तरी दाराजवळच्या स्टुलावर बसले.

चहा घेताना म्हणाले, "आजी, एक विचारू का? मी आयुष्यभर ताळेबंद शिकवला. या विषयात चूक कुठे असते ते मला कळत नाही. मुली लिहून आणतात, मूल हसलं, मूल झोपलं. याला मी मार्क कशाचे देऊ?"

"मी कधी मार्क दिले नाहीत. मला विचारू नका."

"तुम्हाला माहीत असेल, आधी एक मॅडम शिकवायच्या," ते म्हणाले. "मुली सारख्या त्यांचंच काढतात. मी हे मागून घेतलं नाही हो. माझे वर्ग बंद पडले. सकाळी जाऊन रिकाम्या वर्गात हजेरी घ्यायचो. घरी मुलीचं शिक्षण चालूय अजून." मग म्हणाले, "मला त्या मॅडमना फोन करायचा होता. धीर होत नाही."

मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला. इतके दिवस जपून ठेवलेला राग, आता तो द्यायचा कोणाला? मॅडमना नाही, गिरगावच्या सरांना नाही, या बिचाऱ्याला तर नाहीच. पत्र पाठवणारा तेवढा राहिला, आणि तो कुठे बसतो ते मला माहीत नाही. त्याच्याही वर कोणीतरी समिती असेल, तिथेही कोणीतरी म्हातारी मान डोलावत असेल.

मुली एकेक करून माझ्याकडे परत आल्या. दोघी आल्या आल्या मोबाइलमध्ये. एक म्हणाली, बेल वाजवून वाजवून दमले, आत टीव्हीचा आवाज येत होता. चौथी सगळं लिहूनच आली होती, दोन पानं, पहिल्याच भेटीत. पाचवी यायलाच तयार नाही. शेवटी सर आणि मी वर गेलो बघायला. दार उघडंच होतं. ही मुलगी फरशीवर पालथी पडली होती, शेजारी तीन वर्षांचं पोरगं पालथं, आणि दोघं मिळून सोफ्याखाली बघत होती. पोराची आजी म्हणाली, "मघापासून असंच चाललंय. काय हरवलंय ते दोघंही सांगत नाहीत."

सर दारात उभे राहिले. मुलीला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आम्ही तसेच खाली आलो.

त्याच दिवशी संध्याकाळी पोरीचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे, मुलींपैकीच कोणीतरी असेल.

"आल्या होत्या म्हणे तुमच्याकडे."

"आल्या होत्या. तू कशी आहेस गो?"

"मी रागावलेय अजून, बाई. ते तसंच आहे. दुसरं विचारायला फोन केलाय." मागे कुठेतरी नर्सरीतली पोरं ओरडत होती, तिने फोनवर हात धरल्यासारखा आवाज बारीक झाला, मग परत आला. "कशा आहेत मुली? वह्या काढल्या असतील पहिल्याच दिवशी."

"एकीने काढली. दोन पानं लिहिली."

"आणि?"

मी तिला पालथ्या पडलेल्या मुलीचं सांगितलं. सोफ्याखाली काय होतं, तिने विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही, आम्ही विचारलं नाही.

"सरांनी हाक मारली तिला?"

"नाही मारली. मारणार होते. उभे राहिले नुसते."

"बरं," ती म्हणाली. "त्यांना माझा नंबर द्या. मी करणार नाही, त्यांनी केला तर बघेन." आणि तिला कोणीतरी हाक मारली, फोटो पाठवायची वेळ झाली होती, तिने ठेवला.